मदत हवी आहे: 'पासिंग ऑफ'ला स्पॅनिशमध्ये काय लिहू?

वागळे इस्टेटच्या एका कंपनीचं लायसन्स ॲग्रीमेंट इंग्लिशमधून स्पॅनिशमध्ये करतेय, वाचणार आहेत स्पेनचे वकील, मेक्सिकोचे नाही. सोमवारी द्यायचंय. पेटंटचे 'क्लेम्स' म्हणजे 'रेइविंदिकाथिओनेस' वगैरे वायपो पर्लवर (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ऑनलाइन शब्दसंग्रह) मिळालं, तिथे अडलं नाही. स्पेनच्या १९९६च्या कायद्यात 'प्रोपिएदाद इंतेलेक्तुआल' म्हणजे कॉपीराइट आणि त्याला लागून असलेले हक्क, पेटंट-ट्रेडमार्क 'इंदुस्त्रियाल'मध्ये जातात, म्हणून 'आयपी'ला, म्हणजे बौद्धिक संपदेला, दोन्ही शब्द जोडून लिहिलेत, लांबलचक दिसतं पण असू दे. खरा घोळ 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं. 'कोम्पेतेन्थिया देस्लेआल' (अनुचित स्पर्धा) टाकून बघितलं तर अर्थ फारच पसरट होतो, त्यात काहीही येतं. तळटीप द्यायला क्लायंटची हरकत नाही. मग इंग्लिश शब्द तसाच ठेवून खाली खुलासा देऊ, की तिकडचे वकील यासाठी नेमकं काही वेगळं लिहितात?