नव्या बोर्डावर टीपीएमचा ड्रायव्हर बूट होतानाच कोसळतो

शीतगृहवाली
नमस्कार मंडळी. चार दिवस याच्याशी झटतेय, आता तुम्हालाच विचारते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांची शीतगृहं आहेत, त्यांच्यासाठी आम्ही तापमान नोंदवणारी पेटी बनवतो. आत रास्पबेरी पाय कॉम्प्युट मॉड्यूल ४ लाइट, खाली आमचा स्वतःचा बोर्ड आणि त्यावर एसएलबी ९६७० ही टीपीएम चिप (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), एसपीआय या सिरियल बसवर जोडलेली. डिस्कची किल्ली चिपमध्ये बंद. कुणी नुसतं कार्ड काढून नेलं तर नोंदी उघडत नाहीत.

पहिल्या बारा पेट्या वर्षभर बिनबोभाट चालल्या. आता बोर्ड आटोपशीर करून नवा पीसीबी काढला. कर्नल तोच, ५.१०. ओव्हरले (कुठली चिप कुठल्या पिनवर हे कर्नलला सांगणारी फाइल) आम्हीच लिहिलेला, तोही तोच, फक्त इंटरप्टची, म्हणजे चिप प्रोसेसरला हाक मारते ती, पिन बदलली. पण वीज दिली की सिरियल कन्सोलवर ‘बग: शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’, खाली लांबलचक कॉल ट्रेस, आणि बोर्ड थिजतो. पाच बोर्ड, पाचही तसेच. एकावरची चिप हॉट एअरने काढून दुसरी बसवली, काही फरक नाही. ट्रेसमध्ये टीआयएसचा, म्हणजे टीपीएमच्या ड्रायव्हरचा, इंटरप्ट हँडलर (हाक आली की चालणारा कोड) दिसतो, त्याच्या वर एसपीआय सिंक.

जानेवारीत माल यायला लागतो. त्याआधी पेट्या लावायच्या आहेत, कृपया मदत करा.

भोसरी_बेंच
एसपीआयचा वेग किती ठेवलाय? तयार ओव्हरलेमध्ये ३२ मेगाहर्ट्झ असतो. नव्या पीसीबीवर ट्रॅक लांबले असतील तर १० वर आणून बघा.

शीतगृहवाली
१० काय, १ वर आणला. तोच ट्रेस, त्याच ओळी.

तांब्याची_तार
ताई, वेगाचा नाद सोडा. वेगाने बिघडलं असतं तर टाइमआउट आले असते किंवा चिपची ओळख भलतीच वाचली गेली असती. तुमचा ट्रेस वेगळं सांगतोय.

एसपीआयवरून काही वाचायचं तर ड्रायव्हरला थांबावं लागतं, म्हणजे झोपावं लागतं. आणि हार्ड इंटरप्टमध्ये झोपायला सक्त मनाई. ५.१० मध्ये टीपीएमचा हँडलर हार्ड इंटरप्टमध्येच चालतो, आणि त्याचं पहिलं काम काय, तर चिपचं स्टेटस रजिस्टर वाचणं. पीसीच्या मदरबोर्डावर ते रजिस्टर मेमरीसारखं थेट वाचता येतं, म्हणून तिथे खपून गेलं. एसपीआयवर मात्र हँडलरला एकदा जरी हाक गेली तरी कर्नल कोसळणार. ६.४ पासून, म्हणजे २०२३ मध्ये, हा हँडलर थ्रेडमध्ये हलवला, तिथे झोपलेलं चालतं.

म्हणून खरा प्रश्न असा की वर्षभर जुन्या पेट्यांत ही हाक गेलीच कशी नाही, आणि आता बूट होतानाच का जाते? जुनी पिन कोणती, नवी कोणती? आणि इंटरप्टच्या लाइनवर पुल-अप रेझिस्टर (लाइन ३.३ व्होल्टकडे वर ओढून धरणारा) आहे का?

शीतगृहवाली
जुनी जीपीआयओ ५, नवी जीपीआयओ २४. राउटिंगला सोपं पडलं म्हणून बदलली. पुल-अप जुन्या बोर्डावरही नव्हता, म्हणून नव्यावरही ठेवला नाही.

तांब्याची_तार
इथेच आहे. रास्पबेरी पायवर जीपीआयओ ० ते ८ रीसेटनंतर आतून वर ओढलेले असतात, ९ ते २७ खाली. टीपीएमची इंटरप्ट लाइन ओपन ड्रेन, ती नुसती खाली खेचू शकते, वर ढकलू शकत नाही. जुन्या बोर्डावर पिन ५ चा आतला पुल-अप तुम्हाला सांभाळून घेत होता. २४ वर लाइन कायम खाली, आणि तुमच्या ओव्हरलेत ‘लेव्हल लो’, म्हणजे लाइन खाली असली की हाक, असं लिहिलेलं असणार. ड्रायव्हरने इंटरप्ट मागितला त्याच क्षणी हँडलरला हाक गेली, चिप बिचारी काही बोललेलीही नाही.

मल्टिमीटर लावून बघा. मग ओव्हरलेतून इंटरप्टच्या दोन्ही ओळी काढून टाका. तयार ओव्हरलेमध्येही त्या नसतात, ड्रायव्हर स्वतःच चिपला पुन्हा पुन्हा विचारत राहतो. बूटला एकदा किल्ली काढायला तेवढं पुष्कळ. पुढच्या पीसीबीवर १० किलोओहमचा पुल-अप मात्र न चुकता ठेवा. नुसता कर्नल वर नेऊन भागणार नाही, लाइन खालीच राहिली तर तिथे इंटरप्टचा पाऊस पडेल.

शीतगृहवाली
दादा, मीटरवर ०.०१ व्होल्ट! दोन ओळी काढल्या आणि पहिल्याच फटक्यात बूट झालं, डिस्क उघडली. पाचही बोर्ड वीस-वीस वेळा चालू-बंद केले, एकदाही अडकले नाहीत. एका बोर्डावर ३.३ व्होल्टपासून बारीक तारेने रेझिस्टर टाकून पाहिला, लाइन व्यवस्थित वर गेली. आता तो पीसीबीत घालतेय.

जुन्या पेटीचा लॉगही काढला. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बूटला एक ओळ आहे: ‘टीपीएम इंटरप्ट नॉट वर्किंग, पोलिंग इन्स्टेड’. पेटी चालतेय म्हणून मी ती कधी वाचलीच नव्हती. चांगली चिप उगाच उपटली याचं फार वाईट वाटतंय.

भोसरी_बेंच
एक राहिलं. शटडाउन न करता वीज तोडली की काही वेळा टीपीएम ती चुकीच्या पासवर्डच्या प्रयत्नात धरते, आणि मर्यादा भरली की काही काळ किल्ली देत नाही. वीस-वीस वेळा तोडलीत ना? पेट्या पाठवण्याआधी टीपीएम२ गेटकॅप या कमांडने लॉकआउट काउंटर बघून घ्या.

शीतगृहवाली
बघितला. चार बोर्डांवर शून्य, एकावर ३. तो लॉकआउट पासवर्ड देऊन शून्यावर आणला आणि पेटीत बसवला.