मदत हवी आहे : बडोद्यात नवा थ्री बीएचके, ७२ लाख योग्य आहेत का?

नवघर
नमस्कार मंडळी. नव्या स्कीममध्ये थ्री बीएचके बघितलाय. १४५० फूट, सातवा मजला, दोन लिफ्ट, पार्किंग धरून ७२ लाख. आई-बाबांना जिने चढवत नाहीत, त्यामुळे लिफ्ट असलेलंच घर हवंय. रविवारपर्यंत टोकन दिलं नाही तर भाव वाढणार म्हणतात. ऑफिसात कोणी स्वस्त म्हणतं, कोणी महाग. योग्य किंमत किती, एवढंच सांगा. बजेट वगैरे विचारू नका, प्लीज. आकडा हवाय.

जुना_बडोदेकर
आकडा देतो, पण घर कुठे आहे? भायलीचा भाव वाघोडिया रोडला लागत नाही. आणि १४५० सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा धरून) की कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा)?

नवघर
सामा-सावली रोड. ब्रोशरवर १४५० लिहिलंय.

अभियंता_काका
म्हणजे सुपर बिल्टअप. गुजरेराच्या (गुजरातचं रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाचं सरकारी नियामक) साइटवर स्कीमचं नाव टाका, प्रत्येक फ्लॅटचं कार्पेट तिथे बिल्डरला द्यावंच लागतं. त्यात आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. किती फ्लॅट बुक झालेत तेही बघा. निम्मे पडून असतील तर रविवारच्या धमकीला काही अर्थ नाही.

मांजलपूरकर
मी म्हणेन फ्लॅटच्या भानगडीत पडूच नका. टेनामेंट (स्वतःच्या जमिनीवरचं छोटं घर) घ्या, थोडं लांब गेलात तरी चालेल. जमीन आपली, वर मजला चढवता येतो. तेरा मजल्यांच्या टॉवरमध्ये जमिनीतला तुमचा हिस्सा केवढा येणार? इमारत जुनी होते, वाढते ती जमीन.

स्मिता_अकोटा
त्यांनी लिहिलंय की, आई-बाबांना जिने जमत नाहीत.

मांजलपूरकर
टेनामेंटला तळमजल्यावर खोली असते, ताई. जिन्याचा प्रश्नच येत नाही.

स्मिता_अकोटा
तळमजला? ऑगस्ट २०२४ विसरलात का? विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना होडीतून न्यावं लागलं. फ्रिज, सोफे, कागदपत्रं, सगळं गेलं. गाड्यांचं तर विचारूच नका. आणि सामाही त्यातून सुटलं नव्हतं. नवघर, तुमची स्कीम नदीपासून किती लांब आहे? बेसमेंट पार्किंग आहे का?

नवघर
पार्किंग बेसमेंटलाच आहे. नदीचं मला ठाऊक नाही, फ्लॅट सातव्यावर आहे त्यामुळे पाण्याचा संबंध येत नाही. कार्पेट मिळालं: ८२० फूट.

स्मिता_अकोटा
तुम्ही सातव्यावर असाल, लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप आणि मीटर कुठे असतात ते बघा. ते खाली असतील तर पुरात लिफ्ट बंद, पाणी बंद आणि आई-बाबा वर अडकलेले. जनरेटर किती उंचीवर बसवलाय तेही विचारा. शेजारच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत बघा. आमच्याकडे त्या पाण्याची मातकट रेघ अजून दिसते, माझ्या कमरेच्या वर. वॉचमनला विचारलंत तर कुठवर पाणी होतं ते हात लावून दाखवेल.

रोहित_एम
आमच्या सोसायटीच्या गेटपाशी तर मगर आली होती त्या वेळी.

जुना_बडोदेकर
मगरींचा धागा वेगळा काढा.
७२ लाख भागिले ८२० म्हणजे फुटाला साधारण ८,७८० रुपये कार्पेटवर. सुपरवर भाव लावला की तोच ४,९६५ वाटतो. आता सांगा, त्याच रस्त्यावर रिसेलला काय भाव आहे?

नवघर
समोरच्या स्कीममध्ये एक आहे, सहा वर्षं जुना, ८६० कार्पेट, ६२ लाख. लिफ्ट आहे, पण मला नवीनच हवंय.

जुना_बडोदेकर
तो फुटाला ७,२०० पडतो. म्हणजे नव्या भिंतींसाठी तुम्ही ८२० फुटांवर तेराएक लाख जास्त देताय. नवेपणाला मी दहा टक्के देईन, तर किंमत ६५ लाखांच्या आसपास येते. बोलणी तिथून सुरू करा.

गरवी_बघा
ते बोललेले भाव झाले. 'गरवी' या सरकारी दस्तनोंदणीच्या साइटवर इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) काढून त्याच स्कीमचे झालेले दस्त बघा, खरी किंमत तिथे कळते.

अभियंता_काका
खरी कुठली? आपल्याकडे कितीतरी दस्त जंत्रीच्या (सरकारी दराच्या) आसपास होतात, उरलेलं रोख. इंडेक्समध्ये ४० दिसलं म्हणून ४० ला घर मिळत नाही.

गरवी_बघा
सगळे तसे नसतात. लोन घेणारे पूर्ण रकमेचा दस्त करतात, त्यांचे आकडे वेगळे ओळखू येतात. तेच धरा.

सीए_विनया
नवघर, रोख मागितली असेल तर आधीच नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं-देणं कायद्याने बंद आहे. शिवाय ५० लाखांच्या वरच्या घरावर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. जीएसटी किती सांगितलाय?

नवघर
रोख कोणी मागितली नाही. जीएसटी ५ टक्के वेगळा, शिवाय जीईबी (वीज जोडणी), लीगल आणि मेंटेनन्स मिळून ४ लाख. हे सगळीकडेच असतं ना?

सीए_विनया
नाही, हे सगळीकडे नसतं! बीयू परवानगी (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) आल्यावर सगळे पैसे दिले तर जीएसटी लागत नाही. तो ५ टक्के मागतोय म्हणजे बहुधा बीयू आलेली नाही. तुम्ही तर तयार घर समजून बघताय.

नवघर
पण दोन कुटुंबं राहायला आलीयत. पडदे लागलेत, मी बघितलंय.

सीए_विनया
पडदे म्हणजे बीयू नव्हे. पत्राची प्रत मागा. आता पूर्ण हिशोब बघा: ७२ लाख, जीएसटी ३.६०, स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्क्यांनी ३.५३, नोंदणी १ टक्का म्हणजे ०.७२, वर तुमचे ते ४. झाले ८४ लाख. स्टॅम्प ड्युटी दस्ताची रक्कम आणि जंत्री यात जी जास्त असेल तिच्यावर लागते. एकट्या आईच्या नावावर घेतलंत तर नोंदणीची फी माफ आहे.

होमलोन_गुरू
बँक ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किंमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, तीही स्टॅम्प ड्युटी सोडून. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत कमी काढली तर कर्ज आणखी कमी. तोच रिपोर्ट बोलणीत कामाला येतो.

शुभवास्तू
मुख्य दार कुठल्या दिशेला आहे? दक्षिणमुखी असेल तर भाव कितीही कमी असला तरी घेऊ नका. किचन आग्नेयेला हवं.

मांजलपूरकर
दिशेपेक्षा जमीन बघा म्हणतो मी.

स्मिता_अकोटा
तुमचं तेच चाललंय!

नवघर
आत्ताच फोन केला. बीयूसाठी अर्ज दिलाय म्हणतात, महिन्याभरात येईल. दाराची दिशा पूर्व आहे. रविवारी टोकन देत नाही. पण समोरच्या रिसेलवाल्याला ५९ म्हणू का?

जुना_बडोदेकर
म्हणा. पण आधी टेप घेऊन जा. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, प्लास्टर धरून. सोसायटीची शिल्लक, वेराबिल (घरपट्टी) भरलंय का आणि बँकेचा बोजा आहे का तेही बघा.

अभियंता_काका
आणि नवाच घ्यायचा झाला तर नोंदवलेल्या बानाखताशिवाय (विक्रीच्या कराराशिवाय) दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका. रेरात तसं स्पष्ट आहे. ताब्याची तारीख बानाखतात लिहून घ्या. 'महिन्याभरात' हे शब्द कागदावर चालत नाहीत. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत निघाला तर दुरुस्ती बिल्डरने स्वखर्चाने करायची असते, त्यामुळे पहिल्या पावसात ओल कुठे येते त्याचे फोटो तारखेसकट ठेवा.