‘दर्यावेडा’ आणि ‘दऱ्यावेडा’ नव्या डेटाबेसला एकच का वाटतात?

घाटवाटा:
आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या साइटचा डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीवरून ८.४ वर हलवतोय. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला आणि होस्टिंगवाल्यांनी आता जुना सर्व्हर बंद करायची नोटीस दिली आहे. डंप (सगळ्या डेटाची फाइलमधली नक्कल) घेऊन नव्या टेबलांत भरतोय. ट्रेकचे वृत्तान्त, फोटो सगळं नीट आलं. सभासदांचं टेबल मात्र अडतं. ‘दर्यावेडा’ आत गेला की ‘दऱ्यावेडा’ला ड्युप्लिकेट एन्ट्री म्हणून नाकारलं जातं.

ही दोन वेगळी माणसं आहेत. एक दादा खांदेरी, पद्मदुर्ग असे पाण्यातले किल्ले पालथे घालणारे, दुसऱ्या ताई सांधण दरी आणि नळीच्या वाटेबद्दल लिहिणाऱ्या. वाचक दोघांना याच नावांनी ओळखतात, त्यामुळे कुणा एकाला नाव बदला म्हणायला माझं मन धजत नाही. जुन्या टेबलचं कोलेशन (कुठली अक्षरं सारखी धरायची याचे नियम) युटीएफ८_जनरल_सीआय होतं, तिथे काहीच तक्रार नव्हती.

शिवाय पासवर्ड जुन्या एमडी५ हॅशमध्ये (पासवर्डवरून काढलेलं सांकेतिक रूप) आहेत. ते तसेच न्यायचे का?

कळफलक:
नाव कुणाचंच बदलू नका. दोष कोलेशनचा आहे. ८.० पासून डिफॉल्ट युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय असतं. त्यातलं ‘एआय’ म्हणजे ॲक्सेंट, नुक्ता अशा अक्षराला जोडलेल्या खुणा तुलनेत धरायच्याच नाहीत. ‘ऱ’ हा युनिकोडच्या हिशेबात र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब). नुक्ता गेला की उरतो साधा ‘र’, म्हणून दऱ्या आणि दर्या सारखेच.

आणि ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालतात. या जॉइनरलाही तुलनेत वजन शून्य. जुनं जनरल_सीआय देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधला एकेक अक्षर-क्रमांक) वेगळा मोजायचं, म्हणून तिथे भांडण नव्हतं.

सभासदनामाच्या कॉलमपुरतं युटीएफ८एमबी४_बिन लावा, ते प्रत्येक कोडपॉइंट जसाच्या तसा ताडून बघतं. मात्र मग इंग्रजी नावांत कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जाईल, तेव्हा ती नावं साठवताना आणि लॉगिनला लोअरकेस करून घ्या. दुसरं, ताईंनी नोंदणी कॉम्प्युटरवरून केली असेल आणि आता मोबाइलवरून लॉगिन करत असतील, तर नाव डोळ्यांना तेच दिसेल पण जुळणार नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी जॉइनरवाला ‘ऱ्य’ स्वतंत्र ‘ऱ’च्या रूपात बदलून मगच तुलना करा. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची एकसारखी रूपं करण्याची ठरलेली पद्धत) हे काम करत नाही, तो नियम स्वतः लिहावा लागतो.

अजून अशा जोड्या आहेत का ते आधीच पाहा. बिन लावण्याआधी टेबल डिफॉल्ट कोलेशनमध्येच, पण युनिक इंडेक्सशिवाय (एकच नाव दोनदा नको हा नियम न लावता) नव्या सर्व्हरवर आणा आणि नावावर ग्रुप बाय लावा, म्हणजे सारखी ठरणारी नावं एकत्र दिसतील.

रात्रपाळी:
पासवर्डबद्दल: एमडी५ तसाच नेऊ नका, आणि सगळ्यांना एकदम रीसेटची मेलही पाठवू नका. जुन्या सभासदांचे कितीतरी मेल पत्ते बंद पडलेले असतात, ते कायमचे बाहेर राहतील. आहे त्या एमडी५ हॅशवरच बीक्रिप्ट (तोडायला जास्त कठीण हॅश पद्धत) चालवून तो साठवा, सॉल्ट (हॅश करताना पासवर्डला जोडलेली जादा अक्षरं) असेल तर तोही जपा. माणूस लॉगिन झाला की त्याच्या खऱ्या पासवर्डचा थेट बीक्रिप्ट करून साठवा आणि खातं नव्या पद्धतीचं झाल्याची खूण करा. मूळ एमडी५चा कॉलम नव्या टेबलात येताच कामा नये.

सभासद क्रमांक जुनेच ठेवा, नाहीतर वृत्तान्त भलत्याच्या नावावर जातील.

आणि एक विनंती. ट्रेकच्या नोंदणीत रक्तगट, घरच्यांचा फोन असं घेतलेलं असतं. ट्रेक संपला की त्याचं काम संपलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: हेतू संपला की माहिती पुसा. ते कॉलम हलवूच नका.

घाटवाटा:
दोघांचे मनापासून आभार. बिन लावल्यावर दोन्ही सभासद आपापल्या क्रमांकासह आत आले. ग्रुप बायमध्ये ‘सह्यवारी’ दोनदा निघालं. ते एकाच गृहस्थांचं, एकदा मागे चुकून न दिसणारा जॉइनर पडलेलं. कुठलं खातं ठेवायचं ते त्यांनाच फोन करून विचारतो. रक्तगट आणि घरच्यांचे फोन वगळले. जुन्या डंपमध्ये ते अजून आहेत, नवी साइट नीट चालली की तो डंपही पुसायचं समितीने मान्य केलं आहे.