1942 च्या सर्बियन कार्डावरची सही: फितूर म्हणावं का?

दांडियाबाजारकर, बडोदा

नमस्कार. माझे बाबा रावपुऱ्याच्या पोस्टात होते आणि तिकिटं जमवायचे. 1960 नंतर बरीच वर्षं युगोस्लाव्हियातल्या एका संग्राहकाशी त्यांची देवाणघेवाण चालली. बाबा गेल्यावर अल्बम माझ्याकडे आले. त्यातल्या एका पोस्टकार्डानं गेले आठ महिने माझी पाठ सोडलेली नाही.

तिकिटावर राजा पेटरचं चित्र, त्यावर जर्मनांनी मारलेला 'सेर्बियन' हा छापा. मार्च 1942. पोस्टाचा शिक्का गोर्नी मिलानोवात्स या सर्बियातल्या गावाचा. खाली कचेरीचा गोल शिक्का आणि सही. मजकूर मी एकेक शब्द कोशात बघून लावला: आपण चौकशी केलेली व्यक्ती या तालुक्यात नोंदलेली नाही. कुणीतरी आपलं माणूस शोधत होतं, त्याला गेलेलं हे उत्तर.

अल्बमच्या पानावर सहीशेजारी बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय: 'फितूर?' प्रश्नचिन्हासकट. त्या मित्रानं काही कळवलं असणार, पण त्याची पत्रं उधईनं खाल्ली.

शिक्का वाचण्यातच माझे तीन आठवडे गेले. अक्षरं रोमन समजून मी 'सी-पी-ई-सी-के-ओ' शोधत राहिले. सिरिलिकमध्ये तो 'सी' म्हणजे स आणि 'पी' म्हणजे र. शब्द निघाला 'स्रेस्को नाचेल्स्त्वो'. स्रेझ म्हणजे तालुका, तेव्हा ही तालुका कचेरी. तिचा प्रमुख म्हणजे आपल्या बडोदा संस्थानातला वहिवाटदार समजा. त्या काळच्या बेलग्रेडच्या वृत्तपत्रात या तालुक्याच्या प्रमुखाचं नाव मला सापडलं. ते इथे लिहीत नाही. त्याची नातवंडं असतील, आणि माझ्याकडे पेन्सिलीच्या एका शब्दापलीकडे पुरावा नाही.

गाव साधं नाही, म्हणून हा शब्द टोचतो. ऑक्टोबर 1941 मध्ये जर्मनांनी गोर्नी मिलानोवात्स जाळलं. तिथून क्रागुयेवात्स या शहराला परतणाऱ्या त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, 10 सैनिक मेले आणि 26 जखमी झाले. हुकूम असा होता की एका मेलेल्या जर्मनामागे 100 माणसं मारायची आणि जखमीमागे 50. हिशेब 2300 चा झाला. क्रागुयेवात्समध्ये मारले त्याहूनही जास्त, 2700 च्या वर, आणि त्यांत शाळेतली मुलं होती. तीस वर्षं मी इतिहास शिकवला, पण हा गुणाकार मला वर्गात फळ्यावर मांडता आला नसता. त्याच गावात पाच महिन्यांनी हा शिक्का उमटलाय.

बाबांचं प्रश्नचिन्ह काढता येईल का? आणि कुठल्या कागदाच्या जोरावर?

तिकीटवाला, इंदूर

काकू, आधी जमीन कुणाच्या ताब्यात होती ते बघा. 6 एप्रिल 1941 ला जर्मनीनं युगोस्लाव्हियावर हल्ला केला, त्याच दिवशी बेलग्रेडचं राष्ट्रीय ग्रंथालय बॉम्बनं जळालं, आणि दोन आठवड्यांच्या आत देशाचे तुकडे पडले. बाच्का हंगेरीकडे, स्रेम क्रोएशियाच्या उस्ताशांकडे, म्हणजे तिथल्या जर्मनधार्जिण्या फॅसिस्टांकडे, आग्नेयेकडचा पट्टा बल्गेरियाकडे, कोसोवोचा मोठा भाग इटलीच्या ताब्यातल्या अल्बानियाला. प्रत्येक ठिकाणी धनी वेगळा, त्यामुळे 'त्यांच्या बाजूचा' या शब्दाचा अर्थही वेगळा. तुमचं कार्ड खास जर्मन लष्करी अमलातल्या सर्बियातलं आहे. तिथे आधी जर्मनांनी नेमलेलं मिलान अचिमोविचचं मंडळ आणि 29 ऑगस्ट 1941 पासून जनरल मिलान नेदिचचं सरकार. तालुक्याचा प्रमुख त्या सरकारच्या गृहखात्याचा माणूस, आणि डोक्यावर जर्मन कमांडंट.

पण एक सांगतो. यातले कित्येक अंमलदार युद्धाआधीपासून नोकरीत होते. दुसऱ्या तुकड्यांतून हाकललेले काही लाख निर्वासित याच सर्बियात आले. त्यांची नोंद ठेवणंही याच कचेऱ्यांकडे होतं. तुमच्या कार्डावरचा मजकूर मला त्यातलाच वाटतो.

दांडियाबाजारकर, बडोदा

निर्वासितांची बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. पण दादा, ज्या वहीत निर्वासित नोंदले, ती वही जर्मनांनी मागितली तर तोच माणूस ती पुढे करणार ना? म्हणून नुसतं पद बघून मला त्याला सोडताही येत नाही आणि धरताही येत नाही.

दप्तरी, पुणे

बरोबर आहे. पदावरून काही ठरत नाही, त्या माणसानं काय केलं ते शोधावं लागेल. नेदिच सरकारचे कागद बेलग्रेडच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. जर्मन कागदांच्या सूक्ष्मफिती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, व्याप्त प्रदेशांसाठी टी-501 ही मालिका बघा. शोधताना आडनाव जर्मन कानानं लिहा. योवानोविच तिथे डब्ल्यूनं आणि शेवटी टी-एस-सी-एचनं मिळेल. बापाच्या नावाचं आद्याक्षरही जवळ ठेवा. सर्बियातही आपल्यासारखं ते मधे येतं, आणि एकाच नावाची दहा माणसं त्यावरूनच वेगळी होतात.

युद्धानंतर राज्य आयोगानं शत्रू आणि त्याच्या मदतनीसांच्या गुन्ह्यांच्या हजारो फायली केल्या, त्या युगोस्लाव्हियाच्या अभिलेखागारात आहेत. त्यात नाव असलं तरी तो आरोप आहे हे विसरू नका. 27 नोव्हेंबर 1944 च्या 'पोलितिका' या बेलग्रेडच्या वृत्तपत्रात गोळ्या घातलेल्या 105 जणांची यादी छापली होती, तीही बघा. त्या काळी निकाल झटपट लागत. उलट पुराव्यासाठी बान्यित्सा या बेलग्रेडमधल्या जर्मनांच्या कैदछावणीच्या नोंदवह्या आहेत, 23,000 हून जास्त कैद्यांच्या. तुमच्या तालुक्यातून कोण आणलं गेलं आणि कुठल्या कचेरीनं पाठवलं, हे त्यात लागलं तर तो खरा धागा.

सहीवरून माणूस ठरवण्याबद्दलही एक सांगतो. ऑगस्ट 1941 मध्ये बंडखोरांविरुद्ध 'सर्बियन जनतेला आवाहन' निघालं, त्यावर शेकडो नामवंतांच्या सह्या होत्या. काहींनी दबावाखाली केल्या. लेखक इवो आंद्रिचनं नकार दिला. म्हणजे नकार देता येत होता, पण प्रत्येकाला तो परवडला असेल असं मी म्हणणार नाही.

मोडीवाचक, ग्वाल्हेर

ताई, मी सरदार घराण्यांचे मोडी कागद वाचतो, सर्बियन येत नाही. पण सवयीनं विचारतो: सहीच्या अगदी आधी काय आहे? नावापेक्षा लहान असं काही?

दांडियाबाजारकर, बडोदा

आहे. 3 चा आकडा आणि त्याला जोडून ए सारखं अक्षर. मला तो जावक क्रमांक वाटला होता.

मोडीवाचक, ग्वाल्हेर

सिरिलिकचा 'झ' हुबेहूब 3 सारखा काढतात. मी आत्ता तक्ता उघडून बघितला. ते 'झा' असेल. कोशात त्याचा अर्थ बघा.

दांडियाबाजारकर, बडोदा

बघितला. 'साठी', 'करिता'.

आपल्या सरकारी पत्रांवर असतं तसंच: 'तहसीलदार, करिता' आणि खाली दुसऱ्याची सही. मग भिंग घेऊन पुन्हा बसले. 'झा' नंतर छापील 'नाचेल्निक', म्हणजे प्रमुख, आणि त्याखाली सही. वृत्तपत्रातल्या प्रमुखाच्या आडनावाशी ती जुळत नाही. शेवटचं 'इच' सोडलं तर एकही अक्षर तेच नाही. आठ महिने मी एका माणसाचं नाव दुसऱ्याच्या हस्ताक्षराला चिकटवत होते. चार दिवसांपूर्वी ते नाव मी एका परदेशी संग्राहकाला कळवायला निघाले होते, पत्र लिहून तयार होतं. ते फाडलं.

म्हणजे आता माणसं दोन. एक प्रमुख, ज्याचं नाव आहे पण ज्यानं या कार्डाला हात लावल्याचा पुरावा नाही. दुसरा कारकून किंवा उपप्रमुख, ज्याची सही आहे पण नाव अजून लागत नाही. बाबांचा 'फितूर?' यातल्या कुणासाठी होता, हे मला तपासायचंय.

दप्तरीदादा, बान्यित्साच्या वह्यांपासून सुरुवात करते. मोडीवाचकदादा, सही मोठी करून रविवारी इथे चढवते. त्यातलं दुसरं अक्षर मला 'श' वाटतंय, पण सर्बियन हातानं लिहिलेला 'त' सुद्धा तसाच दिसतो, फक्त वर एक रेघ असते. इथे रेघ आहे की कागदाची घडी, ते तुम्ही सांगा.