ईस्टरसाठी थोड्या खर्चात, मुलांच्या हातून घर कसे सजवावे?

प्रश्न : वसईची लेक (पुणे)

सप्रेम जय ख्रिस्त. माझे माहेर वसईचे असून लग्नानंतर आम्ही पुण्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. थोरली मुलगी आठ वर्षांची आणि धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे. नाताळात येशूजन्माचा गोठा करण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे डिसेंबरमध्ये मुलांना काय काम द्यावे हा प्रश्न कधी पडत नाही. येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, मात्र चर्चमध्ये जाऊन आलो, जेवलो आणि सण संपला असे होते. श्रद्धेच्या दृष्टीने ईस्टर हा आपला सर्वांत मोठा सण असूनही मुलांच्या लेखी नाताळच मोठा राहतो, याची मला मनापासून खंत वाटते.

यंदा ५ एप्रिलला ईस्टर आहे. दुकानांत प्लास्टिकची अंडी, कापडी ससे आणि सजवलेल्या टोपल्या मिळतात. परंतु त्यांच्या किमती आम्हाला परवडणाऱ्या नाहीत आणि त्यांत मुलांनी स्वतः करण्यासारखे काही उरतही नाही. तीनशे रुपयांच्या आत बसेल, भिंतीला खिळे ठोकावे लागणार नाहीत (घरमालकांची तशी अट आहे) आणि धाकट्यालाही हात लावता येईल, असे काही जाणकारांनी सुचवावे.

उत्तर १ : जुनी वाडी (वसई)

ताई, सप्रेम जय ख्रिस्त. साहित्याच्या आधी वेळेविषयी लिहिते, कारण खर्च वाढतो तो बहुधा शेवटच्या दिवशी घाईने काहीबाही विकत आणल्यामुळे. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारच्या मिस्सानंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) चर्चमधील वेदी रिकामी केली जाते, शुभ शुक्रवारी तिच्यावर फुले नसतात, आणि शनिवारी रात्रीच्या जागरण विधीत नवा अग्नी पेटवून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावली की सारे रूप पालटते. घरातही हाच क्रम ठेवावा असे माझे ठाम मत आहे. २९ मार्चच्या झावळ्यांच्या रविवारपासून मुलांनी रोज थोडे थोडे तयार करून खोक्यात ठेवावे, आणि शनिवारी विधीवरून परतल्यावर किंवा रविवारी पहाटे ते सगळे एकदम मांडावे. शुक्रवारी उघडीबोडकी असलेली खोली रविवारी सजलेली दिसली, की चार वर्षांच्या मुलालाही आज काही मोठे घडले आहे हे कळते, आणि त्यासाठी सजावट महाग असावी लागत नाही.

झावळीपासून सुरुवात करावी. चर्चमधून आशीर्वाद होऊन आलेली झावळी मात्र यासाठी वापरू नये. ती घरातील क्रूसामागे खोवून ठेवायची असते, आणि अशाच झावळ्या जाळून पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची) राख तयार केली जाते. मुलांसाठी साधी नारळाची झावळी शहाळेवाल्याकडे मागितल्यास तो बहुधा फुकटच देतो. पात मधल्या हिरापासून सोडवून घ्यावी, तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कराव्यात आणि दुमडून, एकमेकींत अडकवून लहान क्रूस विणावेत. थोरलीला हे सहज जमेल. धाकट्याने पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून द्याव्यात, म्हणजे त्या मऊ राहतात आणि दुमडताना फाटत नाहीत. असे क्रूस दोऱ्यात ओवून खिडकीच्या गजांना बांधले, तर खिळा लागत नाही.

फुलांचा खर्च मात्र अवश्य करावा. पास्काच्या काळात उपासनेचा रंग पांढरा आणि सोनेरी असतो, आणि आपल्या वसईच्या वाड्यांत पिकणारा मोगरा व सोनचाफा हेच दोन रंग घेऊन येतात. एप्रिलमध्ये मोगरा ऐन बहरात असतो. तयार गजरे न घेता सुट्या कळ्या घ्याव्यात, त्या स्वस्त पडतात आणि ओवण्याचे काम मुलांना मिळते. शनिवारी संध्याकाळी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास सकाळपर्यंत टवटवीत राहतात. चाफ्याची मोजकी फुले पाण्याच्या वाटीत सोडून वेदीवर ठेवली तरी पुरे.

आणखी एक गोष्ट सुचवते, तिला काहीच खर्च नाही. चर्चमधील पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस, अल्फा व ओमेगा ही ग्रीक अक्षरे आणि चालू वर्षाचे चार अंक असतात. घरातील एका जाड पांढऱ्या मेणबत्तीवर मुलीने मेणाच्या खडूने तसेच रेखाटून खाली २०२६ लिहावे. दोन्ही मुलांच्या बाप्तिस्म्याच्या मेणबत्त्या जपून ठेवलेल्या असतील, तर त्या हिच्या दोन्ही बाजूंना उभ्या कराव्यात आणि रविवारी जेवणाच्या वेळी तुम्ही स्वतः पेटवाव्यात. सोमवारी सगळे आवरून टाकण्याची घाई करू नये. पास्काचा काळ पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत (पेन्टेकॉस्ट), म्हणजे यंदा २४ मेपर्यंत चालतो. फुले बदलत राहावीत, बाकीचे तसेच ठेवावे.

उत्तर २ : पश्चिमवारा (लाइपझिग, जर्मनी)

नमस्कार ताई. आम्ही जर्मनीत राहतो आणि येथे ईस्टरची सजावट बहुतांशी घरातच, मुलांच्या हातून होते. मध्ययुगात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र अंडी देतच राहत. त्यामुळे साठलेली अंडी ईस्टरला बाहेर काढली जात. म्हणून अंड्याला प्लास्टिकचा पर्याय शोधण्याची गरज नाही, खरे अंडेच त्याहून स्वस्त आहे आणि त्याचे पुढे जेवणही होते.

रंगासाठी कांद्याची साले गोळा करायला आजपासून सुरुवात करावी. आठ-दहा कांद्यांची कोरडी साले अर्धा लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळून ते पाणी गाळून थंड करावे, त्यात दोन चमचे व्हिनेगर घालावे आणि त्यातच अंडी दहा मिनिटे उकडावीत. विटकरी तांबडा रंग येतो. ग्रीसमध्ये पवित्र गुरुवारी अंडी ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून लाल रंगवतात, त्या रंगाच्या हा बराच जवळ जातो. हळदीच्या पाण्याने पिवळा आणि जांभळ्या कोबीच्या पाण्याने, रात्रभर बुडवून ठेवल्यास, सुंदर निळा रंग मिळतो. कवच पांढरे असेल तरच हे रंग खुलतात, त्यामुळे पोल्ट्रीची साधी अंडी घ्यावीत. गावरान अंडी महाग पडतील आणि रंगही मळकट दिसेल.

मुलांना सर्वांत जास्त आवडते ती पानांची नक्षी. कोथिंबिरीचे किंवा मेथीचे एक पान पाण्याने ओले करून अंड्यावर चपटे चिकटवावे, त्यावर जुन्या पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घट्ट ताणून मागे दोऱ्याने बांधावा आणि मग अंडे कांद्याच्या पाण्यात उकडावे. मोजा सोडला की तांबड्या कवचावर पानाची पांढरट आकृती उमटलेली असते. कोथिंबिरीच्या पानाला कातरलेली कड असल्यामुळे ती फारच रेखीव येते. पान चिकटवण्याचे काम चार वर्षांचे मूल उत्तम करते. शेवटी तेलाचा थेंब फडक्यावर घेऊन अंडी पुसली की चकाकी येते.

आमच्या राज्याच्या पूर्वेस लाउझिट्स भागात सोर्ब समाजाचे लोक राहतात. ते हंसाच्या पिसाचे टोक कापून, वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठिपके व त्रिकोण उमटवतात, मग अंडे रंगात बुडवतात. मेणाखालची जागा पांढरी राहते. गरम मेण लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्याऐवजी पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने किंवा खडूने थेट अंड्यावर क्रूस किंवा नाव रेखाटावे आणि ते आधी उकडून थंड केलेले असावे, कारण गरम पाण्यात मेण सुटते. रंगही थंडच वापरावा.

टांगण्यासाठी पोकळ अंडी करावी लागतात. अंडे साबणाने धुऊन दोन्ही टोकांना जाड सुईने भोक पाडावे, खालचे थोडे मोठे करावे, आतला बलक सुईने मोडावा आणि औषधाच्या सिरिंजने, तिची सुई काढून, वरून हवा भरावी. कच्च्या अंड्याला मुलांना तोंड लावू देऊ नये. बाहेर आलेल्या बलकाची त्याच दिवशी भुर्जी करावी. कवच आतून पाण्याने दोन-तीनदा धुऊन उलटे वाळवावे आणि पोस्टर कलरने रंगवावे. दोऱ्याच्या टोकाला अर्धी काडेपेटीची काडी मधोमध बांधून ती उभी भोकातून आत सोडली, की आत आडवी होते आणि अंडे दोऱ्याला लटकते. बाटलीत वाळू भरून त्यात गळून पडलेली एखादी वाळकी फांदी रोवली की झाड तयार होते.

हे झाड एका वर्षात भरण्याची गरज नाही. शेजारच्या थुरिंगिया राज्यातील जाल्फेल्ड गावी एका दांपत्याने १९६५ साली बागेतील सफरचंदाच्या झाडावर १८ अंडी टांगली आणि दरवर्षी भर घालत पुढे ती सुमारे १०,००० पर्यंत नेली. तुम्ही यंदा सहा करावीत आणि प्रत्येकावर खालच्या बाजूस पेन्सिलीने वर्ष लिहावे.

उत्तर ३ : शब्बाथ शाळेच्या बाई (अहिल्यानगर)

ताई, आमच्या मंडळीत शनिवारी रात्रीचा विधी नसतो, आमची पुनरुत्थानाची उपासना रविवारी पहाटे होते. तरीही वरील भगिनींचे म्हणणे मला पटते. फक्त एका गोष्टीला त्यातून वगळावे असे वाटते. मुलांच्या डोळ्यांसमोर आठवडाभर काहीतरी हळूहळू घडत राहिले पाहिजे, सगळेच खोक्यात दडलेले असू नये. त्यासाठी परातीत बाग करावी. येशूला जेथे वधस्तंभावर खिळले तेथे बाग होती आणि त्या बागेत नवी कबर होती, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, म्हणून ही सजावट थेट वचनातून आलेली आहे.

जुन्या परातीत किंवा ताटात दोन बोटे माती पसरावी. अर्धी करवंटी उपडी करून, तिची एक कड आधी फोडून, दार असलेली गुहा करावी आणि वरून माती लिंपावी. दाराशी बसेल असा गोल धोंडा मुलांनीच शोधून आणावा. मागे काड्यांचे तीन वधस्तंभ दोऱ्याने बांधून रोवावेत. सोमवारी, ३० मार्चला, मातीवर अळीव पेरावेत. बाळंतिणीच्या लाडवांसाठी वापरतो तेच हे अळीव, मूठभर पुरतात. पाणी लागताच ते बुळबुळीत होतात, म्हणून आधी भिजत घालू नयेत, नुसते पसरून पाण्याचा हबका मारावा आणि सकाळ-संध्याकाळ धाकट्याकडून शिंपडून घ्यावे. आपल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत मोड दिसतात आणि रविवारपर्यंत दाट हिरवळ होते. परात थेट उन्हात ठेवू नये.

शुक्रवारी दुपारी धोंडा दाराशी लावावा. शनिवारी रात्री मुले झोपल्यावर तुम्ही तो बाजूला सरकवावा आणि आत पांढऱ्या कापडाची घडी ठेवावी. सकाळी मुलांना आधी काही सांगू नये, त्यांना स्वतः पाहू द्यावे. मी शाळेतल्या मुलांकडून ही बाग करून घेते, आणि धोंडा सरकलेला पाहून त्यांनी विचारलेले प्रश्न कोणत्याही धड्यापेक्षा खोल असतात.

शिवाय घरात साठलेल्या लग्नपत्रिका टाकू नयेत. त्यांचा जाड, सोनेरी छपाईचा कागद फुलपाखरे कापायला उत्तम असतो. दुमडून कापली की पंख आपोआप सारखे येतात. ती खिडकीच्या काचेला भाताच्या खळीने चिकटवावीत, नंतर ओल्या फडक्याने निघतात आणि घरमालकांची तक्रार राहत नाही.

वसईची लेक (पुणे)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. साले आजच गोळा करायला घेतली आहेत आणि अळीव घरात आहेतच. दोन शंका आहेत. उकडलेली रंगीत अंडी एप्रिलच्या उकाड्यात टेबलावर दिवसभर ठेवावीत का, आणि पोकळ अंडी पुढच्या वर्षापर्यंत कशी टिकवावीत?

पश्चिमवारा (लाइपझिग, जर्मनी)

उकडलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवावीत आणि रविवारी जेवणाच्या वेळीच बाहेर काढावीत. पुण्याच्या उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेली अंडी मुलांना खायला देऊ नयेत. टेबलावर दिवसभर मांडायची असतील तर पोकळ अंडीच मांडावीत. ती साठवताना अंड्यांच्याच पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवावीत. आतून नीट धुतलेली आणि पूर्ण वाळलेली नसतील तर मुंग्या व झुरळे लागतात, म्हणून दोन दिवस पंख्याखाली वाळू द्यावीत आणि मगच झाकण लावावे.