मालवणात मुक्काम तारकर्लीला की चिवल्याला?

सुरूची_सावली

गेल्या नऊ वर्षांत मी मालवणला सहा वेळा गेले. पहिल्या दोन वेळा तारकर्लीला राहिले, कारण सगळे तिथेच राहतात. आता ओळखीचं कुणी मालवणला निघालं की मी एकच सांगते : तारकर्लीला एका सकाळी जाऊन या, मुक्काम मात्र चिवल्याला करा. यावरून घरात आणि ऑफिसात इतके वाद झाले की एकदा सविस्तर मांडायचं ठरवलं.

मालवण न पाहिलेल्यांसाठी आधी थोडा नकाशा. गावासमोर समुद्रात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. गावाच्या उत्तर अंगाला चिवला, मग राजकोट, बंदर, दांडी आणि त्याच्या दक्षिणेला वायरी, तारकर्ली, देवबाग. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. उलट उत्तरेकडे निघालात तर कोळंबची खाडी, सर्जेकोट आणि कालावल खाडीपलीकडे तळाशील-तोंडवळी.

चिवला गावातच आहे. अर्धचंद्रासारखी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मागे माड, आणि समोर पाण्यात खडप, म्हणजे खडकांची रांग. लाटा त्या खडपावर फुटतात, त्यामुळे आत येणारं पाणी बरंच शांत असतं. थंडीत इथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्या उगीच नाही. बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, बंदरही तसंच.

पण मला चिवला आवडतो तो रापणीसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीसाठी. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सकाळी फिरायला गेले, तर होडीने आत अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणले होते. दोन्हीकडे दहा-बारा माणसं, कमरेला पट्टा बांधलेला, पाठमोरी मागे मागे चालत दोर ओढत होती. शेवटचा माणूस मागे पोचला की पट्टा सोडून पुन्हा पाण्याजवळ पुढे जाऊन उभा राहायचा. तासाभराने जाळ्याचा घोळ वाळूवर आला. आत पेडवे, तारल्या, थोडे बांगडे आणि एक भलामोठा खेकडा. सगळं घमेल्यांतून वेगळं झालं, तिथेच वाटे पडले. माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा मासा असा तडफडताना बघितला. दिवसभर गप्प होती, आणि रात्री तिने स्वतःहून ताटातला बांगडा काट्यापर्यंत स्वच्छ खाल्ला.

आता तारकर्लीबद्दल. वाळू पांढरी आहे, पाणी स्वच्छ आहे, यात वाद नाही. पण डिसेंबरच्या सुट्टीत जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग यांचा आवाज सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत थांबत नाही. समुद्राचा आवाज ऐकायला सात-आठ तास प्रवास करून यायचं आणि इंजिनं ऐकत बसायचं, हे मला पटत नाही.

आणखी एक. कुठला किनारा हे ठरवण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराला. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचनंतर ऐन ओहोटी, पुळण रुंद आणि चालायला कडक. अष्टमीला त्याच वेळी पाणी अगदी वरपर्यंत. एकाच किनाऱ्याबद्दल दोन माणसं दोन टोकांची मतं देतात, ती बरेचदा तिथीमुळे.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा.

कर्लीकाठचा

ताई, मी तारकर्लीचा. आमच्या घरी चार खोल्यांची निवास-न्याहारी आहे, म्हणजे माझा पोटाचा संबंध आहे हे आधीच सांगतो. तरी तुमचं म्हणणं अर्धवट आहे.

तारकर्लीची पुळण काही किलोमीटर लांब आहे. तुम्ही सांगता तो गोंगाट तिच्या एका तुकड्यावर, जिथे रस्ता थेट किनाऱ्यावर येतो आणि गाड्या लागतात तिथे. तिथून देवबागच्या दिशेने पंधरा मिनिटं चाला. सुरूचं बन लागतं, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, आणि माणूस दिसला तर जाळं विणणारा. आमच्याकडे आलेल्यांना मी पहाटे तिकडेच पाठवतो. किती जण चालतात? बहुतेक जण गाडीतून उतरतात आणि तिथेच बसतात. मग गर्दी किनाऱ्याच्या माथी मारतात.

दुसरं, हा गोंगाट म्हणजे आमच्या पोरांची रोजी आहे. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. सगळं वर्षभराचं उरलेल्या नऊ महिन्यांत कमवायचं. मासळी आमच्या वडिलांच्या वेळेसारखी राहिलेली नाही. माझा भाऊ मुंबईला जायला निघाला होता, तो बोट चालवायला लागला म्हणून आई-वडिलांजवळ राहिला. तुम्हाला आवाज वाटतो तो मला भाऊ घरी असल्यासारखा वाटतो.

आरवची_आई

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मला एकच उत्तर हवंय : कुठे कमी धोका? शांत किनारा, निर्जन किनारा हे ऐकायला छान वाटतं. पण पोर पाण्यात ओढलं गेलं तर निर्जन किनाऱ्यावर हाक मारायला कोण? २०१७ च्या एप्रिलमध्ये वायरीला सहलीला आलेले बेळगावचे ८ जण बुडाले. तारकर्लीपासून किती लांब आहे ते? मला तर गर्दी, बोटी, शिट्टी वाजवणारी माणसं असलेला किनाराच हवा.

सुरूची_सावली

तुमच्या प्रश्नाने मी थांबले. खरं सांगते, मी आवाजाचाच विचार करत होते, हा नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी मी तरीही चिवलाच म्हणेन, कारण खडपामुळे लाट मोडते आणि किनाऱ्याला लागून घरं आहेत, माणसं असतात. पण तळाशीलला मी त्याला गुडघ्याच्या वर पाण्यात सोडणार नाही. तिथे मैलभर कुणी दिसत नाही.

दांडीवरचो

माझं घर दांडीला. आमच्या घराक रापणीचो वाटो आसा, आजोबापासून.

आरवची आई, तुमच्यासाठी लिहितो. किनारा कुठलाही असो, पाणी चढतं आहे की उतरतं आहे ते आधी बघा. भरती चढताना समुद्र माणसाला किनाऱ्याकडे लोटतो, सुकतीला, म्हणजे ओहोटी लागली की, आत खेचतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीला, ही ओढ सगळ्यात जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, कमी. आणि सुरूची सावली यांनी सांगितलेला हिशोब पुढे नेलात तर बघा : पौर्णिमेला भरती साडेअकरा-बाराला संपते, म्हणजे दुपारी जेवून तीन वाजता पोरं पाण्यात उतरतात तेव्हा ऐन उधाणाची सुकती चालू असते. किनारा तोच, सकाळी नऊला वेगळा आणि दुपारी तीनला वेगळा.

नदीच्या मुखाजवळ तर सुकतीला उतरूच नका. देवबागच्या संगमावर नदीचं आणि समुद्राचं पाणी एकाच दिशेने बाहेर जातं. आम्ही होडीतसुद्धा तिथे सांभाळून असतो. वरून पाणी गुळगुळीत दिसतं, खाली ओढ असते. काठावर उभं राहून ते कळत नाही. वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो, गेल्या वर्षी गुडघाभर होतं तिथे यंदा माणूस बुडेल.

आणि रापणीबद्दल. येणाऱ्याक कोण नको म्हणना नाय. पण जाळ्यार पाय ठेवू नकात. फोटोसाठी लोक जाळ्यात उभे राहतात, मग गाठी सुटतात, ते सांधायला आमचा दिवस जातो.

निळा_पंखा

मी स्कुबासाठी जातो, त्यामुळे माझा किनारा पाण्याखाली आहे. ज्यांना प्रवाळ आणि मासे बघायचे त्यांनी चिवला-तारकर्ली वादात पडू नये. किल्ल्याच्या आसपास जावं, थंडीत जावं, पाणी निवळलेलं असतं. तारकर्लीला राहिलं की बोट, प्रशिक्षक, सगळं हाताशी मिळतं. शिवाय रीतसर शिकायचं असेल तर तिथे पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही आहे.

कासवाची_वाट

निळा पंखा, तुम्ही म्हणता तो किल्ल्याभोवतीचा पट्टा १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटर. हे किती पर्यटकांना सांगितलं जातं? मी दोन वर्षांपूर्वी एकदा खाली गेले. नाव घेत नाही, पण ज्यांच्याबरोबर गेले त्यांनी मासे जमावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे सोडले आणि मला फोटोसाठी प्रवाळावर हात टेकायला सांगितलं. मी नकार दिला, तर बाकीचे पाचही जण टेकले. प्रवाळ हा दगड नव्हे, जिवंत आहे. तेव्हा किनारा निवडताना कुणाबरोबर पाण्यात जायचं हेही निवडा. नांगर कुठे टाकणार, विचारा. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, विचारा. २०२२ च्या मे महिन्यात स्कुबाहून परतणारी बोट तारकर्लीला उलटली आणि २ पर्यटक गेले. चढण्याआधी डोकी मोजायला लाजू नका.

आणि सुरूची सावली, तळाशील-तोंडवळीचं नाव तुम्ही लिहिलंत याचं मला वाईट वाटलं. तिथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. अंधार, शांतता आणि मोकळी वाळू, एवढंच त्यांना लागतं. टॉर्च, गाड्यांचे दिवे, रात्रीची शेकोटी यांनी मादी अर्ध्यातून परत समुद्रात जाते. काही किनारे "सर्वोत्तम" म्हणून सांगायचेच नसतात.

कर्लीकाठचा

ताई, इथे मी तुमच्याशी असहमत. तोंडवळीत माझी मावशी आहे. खाडी आणि समुद्र यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते. आमच्या देवबागचंही तेच. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे गाव. उधाणाच्या रात्री मावशी झोपत नाही. तिथलं नावच घ्यायचं नाही असं ठरवलंत, तर तिथल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी कोण ऐकणार? लोक येतात, बघतात, म्हणून गावाचं नाव निघतं. शिवाय कासवाची घरटी राखणारी माणसं गावातलीच असतात. त्यांच्या घरी पाहुणा राहिला, दोन पैसे मिळाले, तर घरटं राखायला हुरूप येतो.

कासवाची_वाट

हे मान्य, गावकऱ्यांशिवाय एकही घरटं टिकलं नसतं. मग असं लिहूया : तोंडवळीला जायचं तर गावातल्या घरी राहा, रात्री पुळणीवर दिवा नको, चारचाकी वाळूवर नको. पण "निर्जन किनारा" म्हणून जाहिरात नको. निर्जन म्हटलं की तंबू आणि स्पीकर घेऊन येणारे येतात.

सत्तरीतला_पर्यटक

माझ्यासारख्यांचाही विचार व्हावा. गुडघे दुखतात, भुसभुशीत वाळूत चालवत नाही. पत्नीला आणि मला चिवला सोयीचा पडला, कारण ओहोटीला वाळू कडक होते आणि बसायला सावली जवळ आहे. किल्ल्यावर जायचं असेल तर बंदरावरून होडी घ्यावी, होडीत चढता-उतरताना हात द्यायला कुणीतरी हवं. किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात, तिथे उभं राहिल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. १६६४ मध्ये दांडीजवळच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून या किल्ल्याचं काम सुरू झालं. समुद्र बघायला येणाऱ्यांनी तो धोंडाही बघावा. जवळच आहे, फारसं कुणी जात नाही.

निळा_पंखा

कासवाची वाट, पाव आणि प्रवाळावर हात, हे मीही पाहिलंय आणि गप्प बसलोय. पुढच्या वेळी बोलेन. तरी मुक्कामाबाबत मी तारकर्लीवर ठाम आहे.

आरवची_आई

दांडीवरचो दादा, मी तुमचं सगळं लिहून घेतलंय. आम्ही जानेवारीत येतोय. कॅलेंडर काढून बसले, आमचा शनिवार शुद्ध पंचमीला येतो. पाच पाऊणे पावणेचार, बरोबर? म्हणजे दुपारी दोन ते पावणेचार पाणी चढतं असेल?

दांडीवरचो

बरोबर. थोडं मागे-पुढे धरा. दोन वाजता चिवल्याला उतरवा, साडेतीनला पोराला बाहेर काढा, टॉवेल गुंडाळून सोलकढी द्या. खडपाच्या दिशेने पोहत जाऊ देऊ नका, कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतात. रविवारी सकाळी रापण लागली तर सातला या. ओढताना दोर हातात धरायला देईन, पण पोराच्या बोटांना कापड गुंडाळा, काथ्या सोलतो.

सुरूची_सावली

मी वरचा माझा सल्ला बदलतेय. मुलं लहान असतील, वयस्क माणसं बरोबर असतील तर चिवला. स्कुबा शिकायचं असेल तर तारकर्ली, आणि तिथेही देवबागच्या दिशेने चालत जा. तोंडवळीला कासवाची वाट यांनी सांगितलेल्या अटींवरच.

कर्लीकाठचा, फेब्रुवारीत दोन दिवस तुमच्याकडे खोली मिळेल का? पहाटे चालायला येते.

कर्लीकाठचा

मिळेल. मागची खोली ठेवतो, तिथून फक्त समुद्र ऐकू येतो.