पद्मिनीचं इंजिन : नव्या रिंगा, तरी निळा धूर

प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पिस्टनच्या रिंगा बदलूनही निळा धूर (म्हणजे जळणारं ऑइल) येतोय, तर आधी तो कधी येतो ते बघा. कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर येत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीचा. चढावर ओढताना सतत येत असेल तर बोअरचा, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या भोकाचा.

वापरून गुळगुळीत झालेल्या बोअरमध्ये नवी रिंग भिंतीला घट्ट बसतच नाही. होनिंग (घासायच्या दगडाने बोअर आतून घासणं) हवंच, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसेपर्यंत. आणि त्यानंतर बोअर गरम पाणी-साबणाने ब्रशने घासा. नुसत्या पेट्रोलने पुसलं तर दगडाची पूड रेषांत राहते आणि नव्या रिंगा खाते. पांढरं फडकं पांढरंच निघालं की लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर गंज धरतो.

बोअर लंबगोल झाला असेल तर होनिंगने भागत नाही, नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या मशीन शॉपमधून रिबोअर करून (भोक थोडं मोठं कापून पुन्हा गोल करून) ओव्हरसाइझ, म्हणजे त्या मोठ्या मापाचे, पिस्टन घ्या.

पद्मिनीच्या ६८ मिमी बोअरला रिंगेच्या टोकांतली फट साधारण ०.२५ ते ०.३० मिमी धरा. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली ढकला आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं भिडतात, रिंग तुटते. हे मोजमाप कृपया टाळू नका.